चालत आलेली झिरी

आमच्या अण्णांना कुठलीही वस्तू नीट चाललेली बघवत नसे. बिघडलेल्या वस्तूकडे ते सहानुभूतीने बघत आणि विसरून जात. पण एखादी गोष्ट बरी चालली आहे असं दिसलं, की त्यांच्या डोळ्यांत एक चमक येई आणि आई लगेच म्हणे, "अहो, राहू द्या." अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. उज्जैनच्या माधव नगरात जो तो त्यांना पाटणकर मास्साब म्हणायचा, आणि रस्त्याने जाताना निम्मं गाव त्यांना नमस्कार करायचं, कारण निम्म्या गावाचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले होते. घरातल्या त्यांच्या उद्योगांना 'सुधारणा' असा शब्द होता. तो शब्द आई अशा सुरात उच्चारायची, की पाहुण्यांना तो एखादा जुना आजार वाटावा. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, खाली तिवारी कुटुंब. अण्णांनी दाराला सायकलची घंटी बसवली होती आणि तिची दोरी जिन्यातून खाली सोडली होती, म्हणजे भेटायला आलेल्या माणसाला वर चढण्याआधीच वर्दी देता यावी. तिवारींच्या मांजरीला ती दोरी फार आवडली. ऐन दुपारच्या झोपेत घंटी वाजायची, आई उठून दार उघडायची, आणि जिन्याखाली मांजर साळसूदपणे पंजा चाटत बसलेली असायची.

उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा लागायचा आणि त्यावर पाणी मारत राहण्याचं काम माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, विनूचं, असायचं. आम्ही ते मजेत करायचो, कारण पडद्यावर कमी आणि एकमेकांवर जास्त पाणी उडवता यायचं. अण्णांना त्यात श्रमाचा अपव्यय दिसला. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून तो पडद्याच्या वर टांगला. पाणी आपोआप झिरपेल, असं त्यांचं म्हणणं. झिरपलं की! त्याच दिवशी शाळेचे हेडमास्तर काही कामाने आले आणि उंबऱ्यात उभे राहून "कहिये पाटणकरजी, क्या हाल" म्हणेपर्यंत त्यांना यथासांग अभिषेक घडला. आत्ता हे लिहिताना माझ्या खोलीत एसी चालू आहे. तो साफ करायला येणारा माणूस मागे म्हणाला, "आंटीजी, इसमें आपको कुछ करना ही नहीं है." अण्णांनी अशा यंत्राला घरात पाऊल ठेवू दिलं नसतं.

आमची मराठीही अशीच सुधारून घेतलेली होती. सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलो, की मामेबहिणी आम्हाला मुद्दाम बोलायला लावायच्या. मी "बाहेर ऊन पडून राहिलंय" म्हणाले, की त्या एकमेकींना चिमटे काढायच्या. एकदा जेवताना विनूने भाबडेपणाने विचारलं, "मामी, आमटीवर टाकायची शेव कुठे आहे?" तर पंगत हसून लोळायची बाकी राहिली. आता उज्जैनमध्ये वाढलेल्या मुलाने दुसरं काय विचारायचं? आमच्याकडे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, आमटीवर शेव. आईने फक्त देवाच्या नैवेद्याला तेवढं शेवेपासून वाचवलं होतं.

त्या उन्हाळ्यांत आम्हाला तारणारी गोष्ट म्हणजे झिरी. झिरी म्हणजे झरा, मालव्यातला शब्द. देवास रस्त्याने शहर मागे पडलं, की एक गाडीवाट शेतांत शिरायची. दोन्हीकडे काळी, भेगाळलेली, उन्हाने पांढुरकी पडलेली जमीन, आणि मग एकाएकी एका अवाढव्य चिंचेची सावली. त्या सावलीत, जमिनीत पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेलं काळ्या दगडांचं चौकोनी कुंड होतं. त्याच्या एका भिंतीत, दगडांच्या फटीतून, मनगटाएवढी धार बाराही महिने पडायची. भर वैशाखात तिच्याखाली डोकं धरलं तर कपाळ ठणकायचं इतकी गार. कुंड भरून उरलेलं पाणी पलीकडच्या मोरीतून ओढ्यात जायचं आणि ओढा कुठेतरी पुढे शिप्रेला मिळायचा. पाहुणे आले की त्यांना राम घाटावर न्यायचं आणि आपण झिरीवर जायचं, असा माधव नगरचा शिरस्ता होता. घाटावर पुण्य मिळायचं, पण स्वस्थ बसता यायचं नाही. पाण्यात पाय सोडले रे सोडले, की कुणी पंडितजी येऊन गोत्र विचारायचे. झिरीवर एकच प्रश्न विचारला जायचा, "बाफले कब निकल रहे हैं?"

दर रविवारी अर्धी गल्ली तिकडे लोटायची. पुरुष सायकलींवर, मुलं सायकलींच्या दांड्यांवर, आणि तिवारी चाची टांग्यात, मांडीवर कणकेची परात घेऊन, एखाद्या संस्थानाच्या राणीसारखी. पोचल्या पोचल्या गोवऱ्या पेटायच्या. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात, मग निखाऱ्यांवर, मग राख झटकून तुपात. बाफल्यावरची राख झटकण्याचा तो थप्प थप्प आवाज आला, की पाण्यातली मुलं आपोआप बाहेर यायची. डाळ मात्र दोन शिजायच्या. झिरीच्या पाण्यात डाळ बोलता बोलता शिजते, यावर चाची आणि आईचं एकमत होतं. पुढचं सगळं भांडण. चाची आईच्या चिंच-गुळाच्या आमटीला 'मीठी दाल' म्हणायची आणि आई चाचीच्या डाळीला 'तिखटाचं पाणी'. दोघी एकमेकींची वाटीभर फक्त चवीपुरती घ्यायच्या, नावं ठेवायच्या, आणि पुन्हा वाटी पुढे करायच्या. जेवण झालं की कुणीच हलायचं नाही. तुपात बुडालेले बाफले पोटात गेल्यावर माणसाची आणि अजगराची बुद्धी सारखीच होते. पुरुष चिंचेखाली आडवे, बायका पायऱ्यांवर पाय सोडून, आणि सगळ्यांच्या बोलण्याखालून धारेचा तो आवाज. ती पडतेय हे कुणाच्या लक्षातही नसायचं.

आखा तीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एका रविवारी झिरीची सफाई व्हायची. बादल्यांची रांग लावून कुंड उपसायचं, तळचा गाळ काढून मागे टाकायचा, दगड घासायचे. त्या दिवशी वर्षभराचं हरवलेलं सापडायचं. चष्मे, भोवरे, पैंजण, लोटे, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ती कुणाची यावरून दोन आजोबांची जुंपली आणि निवाडा करायला दोघांनीही ती तिथेच तोंडात घालून पाहिली. "हे राम," चाची किंचाळली, "धो तो लेते!" कवळी दोघांनाही बसली नाही. तरी दोघेही ती आपलीच म्हणत राहिले.

मी सांगतेय त्या वर्षी माझी नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. कुंड उपसून झालं होतं, मी आणि विनू गाळ तुडवत होतो. मान वर केली तर अण्णा धारेसमोर उकिडवे बसलेले, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक. मी घाईघाईने आईकडे पाहिलं. ती वर चिंचेखाली कणीक मळत होती आणि तिची आमच्याकडे पाठ होती. त्या क्षणी ती वळली असती आणि "अहो, राहू द्या" म्हणाली असती, तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं.

"तिवारीजी, जरा देखिये," अण्णा म्हणाले. "अंदर एक पत्थर आड़ा फँसा है. पानी बेचारा चक्कर काटके आता है. इसको निकाल दें, तो धार तिगुनी."

तिवारीजी बँकेत होते. तिगुनी हा शब्द त्यांना मनापासून आवडला. "निकालो," ते म्हणाले.

कुणीतरी पहार आणून दिली. अण्णांनी ती फटीत घातली, दोघांनी जोर लावला, आतून दगड कुरकुरला आणि एकदम सुटला. मग जे पाणी आलं! भस्सकन आलेल्या लोंढ्याने अण्णा मागच्या मागे बसले, तिवारीजींचा चष्मा गेला, आणि आम्ही मुलं आनंदाने किंचाळत त्या धारेखाली घुसलो. ती मांडीएवढी जाड होती. कुंड बघता बघता भरलं. कुणीतरी "पाटणकर मास्साब की" म्हणून ओरडलं आणि सगळ्यांनी "जय" केलं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. अण्णा चिखलाने माखलेले, ओलेचिंब, चिंचेखाली बसून बाफल्यावर बाफला खात होते, आणि दर घासागणिक धारेकडे बघत होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी दूधवाला दूध घालता घालता म्हणाला, "मास्साब, झिरी तो बंद हो गई."

"ऐसा होता नहीं," अण्णा म्हणाले. पण चहा अर्धा टाकून त्यांनी सायकल काढली. मी मागे आणि विनू पुढे. पोचलो तर भिंत कोरडी. पाणी पडायचं तिथे दगडावर नुसता ओला डाग होता, आणि फटीत एक बेडूक बसला होता. तो आमच्याकडे असा बघत होता, जणू घरमालक नळ कधी दुरुस्त करणार, हे त्याला विचारायचंय. अण्णांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. खडी आणि माती भुरभुरत बाहेर आली. त्या आडव्या दगडाने आतलं सगळं तोलून धरलेलं होतं. तो निघाल्यावर पाण्याने दोन दिवस मजा केली आणि मग वरचं ढासळून त्याची वाटच बुजली. अण्णांनी बाजूला पडलेला तो दगड उचलला, रुमालाने पुसला आणि फटीत पुन्हा होता तसा बसवला. मग आम्ही तिघं पायरीवर बसून वाट बघत राहिलो. परतताना अण्णांनी सायकल चालवली नाही, ढकलत आणली.

गाव आमचं मुळात विनोदी. लोक रागावले असते तर परवडलं असतं. दूधवाला म्हणाला, "मास्साब, दूध के डिब्बे को हाथ मत लगाना, भैंस सूख जाएगी." टांगेवाला म्हणाला, "बिठा तो लूँ, पर घोड़े को मत सुधारना." वाण्याच्या दुकानात, नळावर, देवळाबाहेर, सगळीकडे 'पानी भगानेवाले मास्साब' ही गोष्ट आमच्या आधी पोचलेली असायची. माझ्या मैत्रिणी मला हाक मारायच्या त्या 'ए सूखी झिरी' म्हणून. मी एकीची वेणी ओढली, तर तिची आई आमच्याकडे तक्रार घेऊन आली आणि जाताना म्हणाली, "बाप पानी ले गया, बेटी बाल ले जाएगी." रविवारी मंडळी नाइलाजाने राम घाटावर जायला लागली आणि गोत्र सांगून सांगून बेजार झाली. उन्हाने आटून कोरड्या पडलेल्या कुंडात मुलांनी क्रिकेट सुरू केलं. पायऱ्यांमुळे प्रेक्षकांची उत्तम सोय होती.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण अण्णांनी सुधारणा सोडल्या. एके दिवशी शाळेतून येऊन त्यांनी घंटीची दोरी गुंडाळली. मांजर किती तरी दिवस जिन्याखाली वर बघत बसायची. वाळ्याच्या पडद्यावरचा डबा काढून त्यांनी माळ्यावर टाकला. ते जेवायचे, पेपर वाचायचे, आणि पेपरचं पान उलटत नाही हे आम्हाला दिसायचं. आईने वर्षानुवर्षं ज्या शांततेची इच्छा केली होती ती घरात आली, आणि पहिली अस्वस्थ झाली तीच. एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले तर आई विळीचं पातं ओढून ओढून सैल करत होती. मी बघतेय म्हटल्यावर तिने बोटाने गप्प केलं आणि बाहेर जाऊन म्हणाली, "अहो, ही विळी डगमगून राहिलीये. जरा बघता का? हवं तर सुधारा."

अण्णांनी विळीकडे पाहिलं. "लोहाराकडे दे," ते म्हणाले आणि पेपर वर धरला.

आई परत आत आली. विळी तिने कोपऱ्यात ठेवली आणि बराच वेळ ती उगाचच डबे पुसत होती.

मग एक दिवस भेरूलाल आले. झिरीच्या वरच्या अंगाचं शेत त्यांचं. अंगाने आडवे, मिशा उभ्या, आणि आवाज असा की शेतातून बोलावलं तर शहरात ऐकू यावं. जिन्यातूनच गर्जत आले, हातात दुधाची बरणी.

"मास्साब! तमारो पाणी म्हारा खेत में अई ग्यो. पाछो लई जाओ!"

अण्णा उभे राहिले. "कौन सा पानी?"

"कौन सा पानी!" भेरूलालांनी पाण्याने भरलेली ती बरणी दाणकन खाली ठेवली. "जो तमने भगायो, वोज!"

झालं होतं असं, की भेरूलालांच्या शेताच्या कडेला, कडुलिंबाखाली, जमीन आधी ओली झाली, मग मऊ झाली, आणि मग तिथून बुडबुडे येत पाणी वर आलं. पहिले काही दिवस भेरूलालांनी ते कुणाला सांगितलं नाही, देवाची कृपा समजून नारळ फोडला. पण देवाची कृपा थांबेना. तिने त्यांचा कडब्याचा ढीग भिजवला. मग म्हशींनी ती जागा शोधून काढली. त्या त्या गार चिखलात जाऊन बसल्या आणि उठेनात. दूध काढायला भेरूलालांना गुडघाभर चिखलात उतरावं लागायचं, आणि म्हशी त्यांच्याकडे अनोळखी माणसासारखं बघायच्या.

"ये झिरी का ही पानी है, इसका क्या सबूत?" अण्णांनी विचारलं. इतक्या दिवसांत ते प्रथमच मास्तरांसारखं बोलले. आईने बरणी उचलली. तिने ते पाणी पातेल्यात ओतलं, तुरीची डाळ टाकली, स्टोव्ह पेटवला. आम्ही सगळे भोवती उभे. भेरूलालसुद्धा पागोटं काढून स्वयंपाकघराच्या दारात बसले. इतक्या गंभीरपणे डाळीकडे बघत बसलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. स्टोव्ह फरफरत होता, खाली चाची हाका मारत होती, आणि डाळ, बोलता बोलता, फुटून मऊ झाली. आईने एक दाणा बोटांत चिरडला.

"तीच," ती म्हणाली.

"तो लई जाओ," भेरूलाल म्हणाले.

अण्णांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "मी हात लावणार नाही," ते आईला म्हणाले, आणि मग हिंदीत भेरूलालांना, "देखिये, मैंने एक बार हाथ लगाया, देख लिया. और पानी कोई बोरी है? उठाके कैसे लाऊँ?"

"उचलून कशाला?" आई म्हणाली. ती डाळीला फोडणी देत होती, वळलीसुद्धा नाही. "चालवत आणा."

अण्णा आईकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर. मग त्यांनी विचारलं, "भेरूलालजी, आपका नीम कुंड से ऊँचा है ना?" आणि उत्तराची वाट न बघता ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात आईच्या खोबरेल तेलाची अर्धी बाटली होती.

"अहो, ते तेल!"

"आडवी धरली की उतार कळतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक होती. आईने पुन्हा फोडणीकडे तोंड केलं, पण मला तिचे कान दिसत होते. ती हसत होती.

पुढचे काही दिवस अण्णा शाळेची सुट्टी सत्कारणी लावत त्या शेतात रांगत होते. मी खुंट्या ठोकायचे, विनू सुतळी धरायचा, आणि अण्णा पोटावर झोपून तेलाच्या बाटलीतून जगाकडे बघायचे. लिंबापासून कुंडापर्यंत एक वळणावळणाची रेघ आखली गेली. सरळ का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "पाण्याला धावायची सवय लावायची नाही. चालत यायला हवं." भेरूलालांनी अट घातली, की वाटेत त्यांच्या लसणाला एक फाटा निघेल आणि म्हशींना एक डबकं राहील. म्हशींचं मन मोडायला ते तयार नव्हते.

पण उन्हाळ्यातली काळी माती म्हणजे दगड. अण्णा आणि भेरूलाल दोघांनी कुदळी चालवल्या, तर दिवसाकाठी जेमतेम एका खाटेएवढी नाली व्हायची. हे आईने नळावर चाचीला सांगितलं, किंवा सांगितलं नाही, नुसतं "यांच्या हाताला फोड आलेत" म्हणाली. पुढच्या रविवारी आम्ही शेतावर पोचलो, तर गाडीवाटेने सायकलींची रांग येत होती. तिवारीजी नव्या चष्म्यासह, दूधवाला, टांगेवाला घोड्याला चिंचेखाली बांधून, कवळीवाले दोन्ही आजोबा, मी जिची वेणी ओढली होती ती आणि तिची आई, आणि सगळ्यांच्या मागून टांग्यात, परात मांडीवर घेऊन, चाची. प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही. ज्यांच्याकडे फावडं नव्हतं त्यांनी घमेली आणली, एकाने तर नुसतं उलथनं आणलं होतं. "चलो मास्साब," दूधवाला म्हणाला, "राम घाट पर मेरा गोत्र घिस गया."

दुपारपर्यंत नाली खणून झाली. कुंडामागे जुने काळे दगड विखुरलेले होते, ते तिच्या काठांना लावले. अण्णांनी लिंबाखालचा शेवटचा मातीचा बांध फोडला आणि पाणी नालीत शिरलं. सगळे टाळ्या वाजवायला हात वर करतात, तोच ते दिसेनासं झालं. भेगांनी ते पिऊन टाकलं. अण्णांनी आणखी वाट दिली. तेही गेलं. पाणी लिंबाखालून येत होतं आणि दहा पावलांवर जमीन त्याला गिळत होती. कुणी विनोद केला नाही. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि मला त्यांच्या मानेवरून कळलं, की आता ते सायकल घेऊन घरी जातील.

"गाळ," आई म्हणाली.

ती नालीच्या काठाशी बसून बोटांनी माती कुस्करत होती. "कुंडातला गाळ काढून टाकला होता ना मागे? तो लिंपा. चुलीला भेगा पडल्या की आपण काय करतो?"

अण्णा एकदम वळले. "चिकणा! तो चिकणा आहे! बच्चों, सब इधर!"

तो वाळून ढेकळं झालेला गाळ आम्ही मुलांनी पाणी घालून पायांनी तुडवला. माझ्या आयुष्यात मला इतकं मनसोक्त घाण होऊ दिलेलं नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. बायकांनी पदर खोचले आणि नाली आतून लिंपायला घेतली, चूल लिंपावी तशी, तळव्याच्या सफाईदार फटकाऱ्यांनी. आई आणि चाची समोरासमोर बसून लिंपत होत्या आणि गुळावरून भांडत होत्या. ऊन कललं तेव्हा अण्णांनी पुन्हा बांध फोडला.

आणि या वेळी पाणी चाललं. खरंच चाललं, एखादं मूल पहिल्यांदा चालतं तसं. थोडं पुढे यायचं, थांबायचं, पुढचा खळगा भरायचं, मग पुन्हा निघायचं. त्याच्या तोंडाशी गवताच्या काड्या आणि फेस. आम्ही सगळे त्याच्या बरोबरीने चालत होतो, त्याच्याच वेगाने, आणि का कोण जाणे, सगळे हळू आवाजात बोलत होते. अण्णा त्याच्या पुढे उलटे चालत होते, वाकून, हात पसरून, "ये, ये" करत. एका वळणावर पाणी इतका वेळ थांबलं, की एका आजोबांनी खाली बसून त्याला फुंकर घातली. भेरूलालांनी दम भरला, "चाल आगे!" आणि ते चाललं. कुंडात क्रिकेट खेळणाऱ्यांना कुणी ओरडून सांगितलं तेव्हा फलंदाज बॅट टाकून पायऱ्यांवर पळाला. काठावर येऊन पाणी एक क्षण फुगलं आणि मग आत पडलं. कोरड्या दगडावर पडणाऱ्या त्या पहिल्या धारेचा आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की तिवारी चाची रडत होती आणि रडत रडत "बाफले जल रहे होंगे" म्हणत होती.

अण्णा पायरीवर बसले. मिशीपर्यंत चिखल, दोन्ही तळहात फुटलेले. आई त्यांच्याशेजारी येऊन बसली. चारचौघांत ती अशी कधी बसत नसे.

"झालं?" ती म्हणाली. "आता हिला हात लावू नका."

अण्णा हसायला लागले. इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि आईने त्या पहिल्या पाण्याची ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

आता अण्णा नाहीत, आईही नाही. गेल्या हिवाळ्यात विनू भोपाळहून आला होता, तेव्हा आम्ही दोघं रिक्षा करून झिरीवर गेलो. शहर आता तिच्याही पुढे गेलंय. चिंच आहे, लिंब आहे, भोवती लोखंडी जाळी आहे, बाकं आहेत, पोह्यांची गाडी आहे, आणि फोटो काढून घेणारी जोडपी आहेत. नालीतून पाणी चालत होतं, आपल्याच चालीने. तिच्या काठाशी एक तरुण गाइड दहा-बारा प्रवाशांना माहिती देत होता.

"ये जो नहर आप देख रहे हैं, ये विक्रमादित्य के ज़माने की इंजीनियरिंग है. ढलान देखिये. बिना किसी मशीन के!"

विनूला राहवेना. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पण तो विनूच. "अरे भैया," तो म्हणाला, "ये नाली हमारे पिताजी ने बनाई है."

गाइड हसला. उद्धटपणे नाही, सवयीने. "अंकलजी, यहाँ जितने बुज़ुर्ग आते हैं ना, सब यही बोलते हैं. कोई बोलता है मेरे पिताजी ने बनाई, कोई बोलता है मेरी अम्मा ने लीपी. कल ही एक आए थे, बोले हमारे दादाजी ने इसको फूँक मारके चलाया." प्रवासी खळखळून हसले. "अब आप ही बताइये, इतनी सी नाली को कितने पिताजी लगेंगे?"

विनू चिडून काहीतरी बोलणार होता. मी त्याचा दंड धरला.

"पूरे माधव नगर के, बेटा," मी म्हणाले. "सब सच बोल रहे हैं."

गाइडने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतेय की काय हे त्याला कळेना. मग त्याने मान डोलावली आणि प्रवाशांना घेऊन कुंडाकडे निघाला. तो काठाकाठाने चालत होता आणि पाणी त्याच्या बरोबरीने.